मोडण्याची रीत

रायपूरच्या गोल बाजारात शिरलं की आधी वास भेटतात आणि मग आवाज. हळद, सुकी मिरची, धूप, नुकता सोललेला बांबू. लग्नसराईत तर या बाजाराला उसंत म्हणून नसते. एका बोळात नवरदेवाचे मौर, म्हणजे मुकुट, टांगलेले, दुसऱ्यात बांबूचे पर्रा (ताटं) आणि बिजना (पंखे) एकावर एक रचलेले, पुढे बांगड्या, त्याच्या पुढे जडीबुटी. रिक्षा, हातगाड्या, भाव करणाऱ्या बायका या सगळ्या कालव्याच्या वर कुठूनतरी एक स्वच्छ, लांबत जाणारा नाद तरंगत येतो. तो भांड्यांच्या दुकानांतला. काशाची थाळी मागितली की इथला जुना दुकानदार ती लगेच तराजूत टाकत नाही. पाच बोटांच्या टोकांवर अलगद उचलून धरतो, दुसऱ्या हाताच्या नखानं कडेवर टिचकी मारतो आणि स्वतः गप्प राहतो. थाळी बोलते. नाद विरेपर्यंत तो थांबतो आणि मगच वजन करतो.

छत्तीसगढात लेकीच्या लग्नात पचहर देतात, म्हणजे पाच भांडी. मंडपात टिकावन सुरू झालं की नातेवाईक, शेजारी आपापला आहेर आणून ठेवतात. रायपुरात तात्यापाऱ्याच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांनी पुरणपोळी सोडली नाही, पण ही रीत मात्र आपलीशी केली. शेजारच्या मुलीच्या लग्नासाठी अशीच थाळी घ्यायला निघालो होतो. सोबत भाची होती. ती बेंगळुरूला असते आणि विमानांच्या सुट्या भागांसाठी धातू निवडणं हे तिचं काम. तिच्या आईला ते अजून नीट सांगता येत नाही. ती शेजारणीला सांगते, ‘‘विमानाच्या कारखान्यात आहे, लोखंडाबिखंडाचं बघते.’’

दुकानदारानं एक थाळी बाजूला सारली. दिसायला तीही झळझळीतच होती, पण टिचकीला बद्द वाजली. ‘‘येमा बाल पड़े हे,’’ तो म्हणाला. केसाएवढी चीर, डोळ्यांना न दिसणारी. भाचीनं ती थाळी हातात घेऊन पुन्हा वाजवून पाहिली आणि म्हणाली, ‘‘मामा, आमच्याकडे याच कामाला लाखो रुपयांची यंत्रं आहेत.’’

मी तिला विचारलं, ते कुणीही विचारेल असंच होतं. ‘‘विमानासाठी सगळ्यांत चांगला धातू कोणता गं?’’

‘‘कुठल्या भागासाठी? आणि मामा, चांगला कोणता ते आम्ही नंतर बघतो. आधी बघतो, मोडेल कसा.’’

हे वाक्य डोक्यात घेऊनच मी त्या बाजारातून बाहेर पडलो.

धातूचं कौतुक आपण त्याच्या ताकदीवरून करतो. पोलादी मनगट, वज्रासारखी छाती. पण निव्वळ ताकदीवर धातू निवडायचा, तर विमान जमिनीवरून उठणारच नाही. एक घनसेंटीमीटर पोलाद भरतं ७.८ ग्रॅम, टायटॅनियमचा नेहमीच्या वापरातला मिश्रधातू ४.४ ग्रॅम, अ‍ॅल्युमिनिअमचा २.८ ग्रॅम. म्हणून प्रश्न असतो तो ग्रॅममागे किती ताकद मिळते याचा. आणि तोही पहिलाच प्रश्न. त्यानंतर तापल्यावर काय होईल, गोठल्यावर काय होईल, मीठ लागलं तर, शेजारी दुसरा धातू आला तर, आणि एकच ओझं लाख वेळा चढवलं-उतरवलं तर, अशी लांबलचक रांग लागते. प्रत्येक धातू या रांगेत कुठे ना कुठे नापास होतोच. कुठे नापास झालेलं आपल्याला चालेल, हे ठरवण्याला निवड म्हणायचं.

काशाचंच पाहा. साधारण अठ्ठ्याहत्तर भाग तांबं आणि बावीस भाग कथील. तांबं मऊ, कथील त्याहून मऊ, आणि दोघं एकत्र आले की इतके कडक की थंड असताना घणाखाली काचेसारखे फुटतात. त्यामुळे आमच्या छत्तीसगढातल्या चांपा गावचे कसेर, म्हणजे कासार, कासं लालबुंद असतानाच ठोकतात. रंग उतरला की हात थांबतो, थाळी पुन्हा भट्टीत जाते. शेवटी तापलेली थाळी पाण्यात बुडवायची. पोलाद असं बुडवलं तर कडक होतं आणि ठिसूळही होतं. कासं बुडवलं तर त्याचा ठिसूळपणा कमी होतो, कारण सावकाश निवताना आत जो ठिसूळ घटक तयार झाला असता, त्याला तयार व्हायला वेळच मिळत नाही. चांपाची ओळखच कोसा, कांसा आणि कंचन अशी सांगतात. तिथल्या भट्टीवर ही गोष्ट हातांना ठाऊक होती, सूक्ष्मदर्शकाखाली कुणी पाहण्याच्या कितीतरी आधी.

अ‍ॅल्युमिनिअमची गंमत तिसरीच. जर्मनीत आल्फ्रेड विल्म नावाचा धातुतज्ज्ञ काडतुसांच्या पितळी कवचांना हलका पर्याय शोधत होता. अ‍ॅल्युमिनिअममध्ये चारेक टक्के तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घालून त्यानं तो पत्रा तापवला आणि पाण्यात बुडवला. पोलादासारखा तो कडक होईल अशी अपेक्षा होती. झाला मऊ. ही गोष्ट १९०६ सालची. सांगतात ती अशी की शनिवारी मोजमाप अर्धवट राहिलं आणि सोमवारी पाहतात तर तोच पत्रा कितीतरी कडक झालेला. कुणी हात लावला नव्हता. दोन दिवस नुसता पडून राहिला होता. त्यातूनच ड्युरॅल्युमिन आलं, आणि त्याच्या पोटी विमानांची धातूची अंगं आली. आजही या जातीचे काही रिव्हेट कारखान्यात शीतपेटीत ठेवतात. बाहेर ठेवले तर ते वापरायच्या आधीच कडक होऊन बसतील.

पडल्या पडल्या धातू का कडक होतो, हे विल्मला कधीच कळलं नाही. धातू सोडून तो शेतीकडे वळला आणि १९३७ साली वारला. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, क्ष-किरणांनी ते कोडं सोडवलं. अ‍ॅल्युमिनिअमच्या आत विखुरलेले तांब्याचे अणू हळूहळू एकत्र येऊन अतिशय बारीक चकत्या बनवतात आणि धातूचे थर एकमेकांवरून सरकू लागले की त्या चकत्या आड येतात. याहून मजा पुढे आहे. राईट बंधूंच्या १९०३ सालच्या विमानाच्या इंजिनाचं ओतीव कवच आठ टक्के तांब्याच्या अ‍ॅल्युमिनिअमचं होतं. १९९४ साली शास्त्रज्ञांनी त्याचा तुकडा तपासला तेव्हा त्यातही त्याच चकत्या सापडल्या. विल्मनं शोध लावायच्या आधी तीन वर्षं ती विद्या किटी हॉकच्या वाळूवरून उडून आली होती आणि तिचा कुणालाच पत्ता नव्हता.

त्या दिवशी घरी आल्यावर भाचीनं चहाच्या कपाशेजारी वर्तमानपत्राच्या समासात पंखाचा आडवा छेद काढून दाखवला. विमान हवेत असताना हवा पंखांना वर उचलते आणि धडाचं वजन मध्ये खाली ओढतं. त्यामुळे पंख वरच्या बाजूला वाकू पाहतो. वरचा पत्रा दाबला जातो, खालचा ताणला जातो. एकाच पंखाच्या दोन बाजूंना दोन वेगळे भोग. म्हणून पुष्कळ विमानांत वरचा पत्रा जस्ताच्या घराण्यातला असतो, म्हणजे ७०७५ क्रमांकाचा मिश्रधातू आणि त्याचे भाऊबंद. ते ताकदीला जबर. खालचा असतो तांब्याच्या घराण्यातला, २०२४ सारखा. ताकद कमी, पण ताणाखाली चीर पडलीच तर ती सावकाश वाढते. इतकी सावकाश की दोन तपासण्यांच्या मधल्या काळात ती जीवघेणी होत नाही आणि तपासणाऱ्याच्या हाती सापडते. दाबाखाली चीर उघडत नाही, म्हणून वर जबर धातू चालतो. खाली मात्र कमी बळाचा पण इशारा देणारा धातू लागतो.

हा धडा विमानविद्येनं माणसांच्या जिवाची किंमत मोजून घेतला. १९५४ साली जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन कॉमेट प्रवासी विमानं भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. इंग्रज तंत्रज्ञांनी फार्नबरोला एका कॉमेटचं अख्खं धड पाण्याच्या टाकीत ठेवलं, आत दाब भरायचा आणि काढायचा, भरायचा आणि काढायचा, असं करत राहिले. एके दिवशी धडावरच्या एका झरोक्याच्या चौकटीच्या कोपऱ्यातून चीर निघाली आणि धड उसवलं. धातू एका फटक्यात कधीच मोडला नसता. प्रत्येक उड्डाणात थोडा थोडा शिणत गेला. या शिणण्याचा हिशेब तेव्हापासून प्रत्येक विमानाच्या नशिबी आला. पुढे १९७० च्या दशकाअखेरीला अमेरिकेचे नियम आणखी एक पाऊल पुढे गेले. चीर पडणारच नाही असं गृहीत धरू नका, ती पडलेलीच आहे असं धरून चाला, आणि ती वेळेत सापडेल अशा बेतानं धातू, जाडी आणि तपासणी ठरवा.

७०७५ ची पण एक गोष्ट आहे. १९४३ साली तो अमेरिकेत बाजारात आला, तेव्हा त्याच्यापुढे टिकेल असं अ‍ॅल्युमिनिअम नव्हतं. पण कमाल ताकदीपर्यंत मुरवलेला त्याचा जाड भाग सतत ताणाखाली ठेवला आणि दमट खारी हवा लागली, तर काही दिवसांनी बसल्या जागी चिरत जायचा. त्यावरचा उपाय म्हणजे त्याला भट्टीत गरजेपेक्षा जास्त वेळ मुरवणं. त्यानं ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते आणि चिरण्याची खोड जाते. विमानवाल्यांनी ती उतरलेली ताकद आनंदानं पत्करली. परीक्षेत पहिला आलेला बाजूला ठेवून जरा खालच्या नंबरचा पण भरवशाचा घ्यायचा, हे कागदावर सोपं वाटतं. ज्याला वजनाचा एकेक ग्रॅम वाचवायचा असतो, त्याला ते सोपं नसतं.

चाकांचा सांगाडा मात्र पोलादाचाच. टेकताना अख्खं विमान त्याच्यावर आदळतं आणि एरवी त्याला घडी करून पोटातल्या अरुंद जागेत बसावं लागतं. कमी जागेत इतकं बळ दुसऱ्या कुणाकडे नाही. पण या अतिबळकट पोलादाचं दुखणं असं की मुलामा चढवताना त्यात हायड्रोजन शिरला तर ते ठिसूळ होतं आणि काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तडकतं. म्हणून मुलाम्यानंतर लगेच भट्टीत तासन्‌तास शेकून तो वायू बाहेर काढतात. इंजिनाच्या आत तर अ‍ॅल्युमिनिअम आणि पोलाद दोघंही हात टेकतात. तिथे जळता वायू ज्या तापमानाला टर्बाइनवर येतो, त्या तापमानाला पात्याचा धातू खरं तर वितळायला हवा. निकेलच्या मिश्रधातूची ती पाती आतून पोकळ असतात, त्यांच्यातून थंड हवा खेळवतात, आणि तरीही ती लालभडक होऊन, कित्येक टनांची ओढ सोसत, गरगर फिरत राहतात. त्यांचं मोडणं वेगळ्या जातीचं. तापलेला धातू ओढीखाली कणाकणानं लांबतो, आणि आतल्या स्फटिकांच्या सीमांवरून सुटू लागतो. मग सीमाच काढून टाकल्या तर? सगळं पातं एकाच स्फटिकाचं ओतायचं. १९८० च्या दशकापासून प्रवासी विमानांत अशी पाती फिरताहेत. हैदराबादच्या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेनं ही विद्या साधली आणि २०२१ साली अशी साठ पाती हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सला, म्हणजे एचएएलला दिली. बस्तर ओलांडून जगदलपूरहून कोरापुटकडे गेलं की सुनाबेड्याला एचएएलचा इंजिनांचा कारखाना लागतो. मिगची इंजिनं तिथे घडली. आमच्या जंगलांच्या अगदी कडेला.

धातू नीट निवडला म्हणजे झालं, असंही नाही. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटीला एक डीसी-१० कोसळलं आणि शंभरावर माणसं गेली. इंजिनाच्या पुढच्या पंख्याची चकती टायटॅनियमची होती, निवड योग्यच होती. पण धातू ओतताना त्यात नायट्रोजननं कडक झालेला एक कण राहून गेला होता. सतरा वर्षं ती चकती फिरली, त्या कणापाशी चीर जन्मली, वाढली आणि एक दिवस चकती फुटली. शोधणाऱ्यांच्या नजरेतून ती चीर निसटली होती. त्यामुळे विमानाच्या प्रत्येक भागासोबत त्याची जन्मपत्रिका चालते. कुठल्या भट्टीत ओतला, कुठल्या घाण्यातला, कुणी तपासला, सगळं कागदावर. आणि कागदाचंही पाहा. २०२४ साली विमानांत बसवलेल्या काही टायटॅनियमचे दाखलेच खोटे असल्याचं उघड झालं आणि मोठमोठ्या कंपन्यांची झोप उडाली. गोल बाजारातला दुकानदार दाखला देत नाही. टिचकी मारतो आणि पिढ्यांची दुकानदारी पणाला लावतो.

रायपूरकरांना विमानाच्या धातूचा आणखी एक धडा फुकट मिळाला. ऑगस्ट २०१५ मध्ये ढाक्याहून मस्कतला निघालेलं एका खासगी बांगलादेशी कंपनीचं एमडी-८३ इंजिन बिघडल्यानं माना विमानतळावर उतरलं. माणसं सुखरूप उतरली आणि दुसऱ्या विमानानं गेली. विमान मात्र तिथंच राहिलं. वर्षांमागून वर्षं जागेचं भाडं चढत गेलं. मी येता-जाता धावपट्टीच्या कडेला त्याला पाहत असे. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, आषाढात पाऊस आडवा येतो, आणि ते तिथंच. विमान उभं राहिलं की थकत नाही, कारण त्याच्यावर ताणच येत नाही, असं मला वाटे. भाचीनं मान हलवली. तांबं घातल्यानं अ‍ॅल्युमिनिअमला बळ येतं, पण त्याच तांब्यामुळे गंजाची वाटही मोकळी होते. म्हणून जबर पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध, दुबळ्या अ‍ॅल्युमिनिअमचा पातळ थर चिकटवतात. १९२० च्या दशकापासूनची ही युक्ती. गंज लागलाच तर आधी तो थर स्वतः झिजतो आणि आतल्याला वाचवतो. पितळेच्या पातेल्याला आत कल्हई करतात ना, ताक कळकू नये म्हणून, तसंच. पण कल्हई काय आणि हा थर काय, कुणीतरी वरचेवर बघावं लागतं. सांध्यांत पाणी साचतं, खाचांत धूळ बसते. उडत्या विमानाला तपासणारे डोळे असतात. उभ्या विमानाला पाऊस असतो.

आता थोडं आमच्या मुलखाबद्दल, कारण मला बोचतं ते तिथं. देशातलं कथील जवळजवळ सगळं आमच्या बस्तर-दंतेवाड्याच्या मातीतून येतं. मैनपाटाच्या पठारावर बॉक्साइट आहे आणि कोरब्याला १९६५ साली स्थापन झालेल्या बाल्कोच्या भट्ट्या. सीमेपलीकडे बालाघाटला मलाजखंडचं तांबं, आणि बालाघाट, भंडारा, नागपूर या पट्ट्यात मँगनीज, जे ड्युरॅल्युमिनमध्येही चिमूटभर पडतं. टायटॅनियमचं खनिज तर रत्नागिरीच्या काळ्या वाळूतही आहे. पण वाळूपासून विमानाच्या दर्जाचा धातू करणं ही लांबची वाट. केरळात चवरा इथे टायटॅनियम स्पंजचा कारखाना उभा राहिला तो २०११ साली, वर्षाला पाचशे टनांचा. नागपूरच्या मिहानमध्ये बोईंग ७८७ साठी तळाच्या तुळया बनल्या, पण त्या धातूच्या नव्हेत, कार्बनच्या तंतूंच्या. त्या विमानाचं निम्मं वजन अशा तंतूंचं आहे. गंमत म्हणजे त्यामुळेच त्यात टायटॅनियम वाढून पंधरा टक्क्यांवर गेलं, कारण कार्बनच्या शेजारी ओल लागली की अ‍ॅल्युमिनिअम गंजतं आणि टायटॅनियम नांदतं. शेजार बदलला, तेव्हा निवडही बदलली.

आणि सुरुवात आपण उशिरा केली असंही नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी २३ डिसेंबर १९४० रोजी बेंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्टची, म्हणजे आजच्या एचएएलची, स्थापना केली. कोल्हापूरकडचे विष्णू माधव घाटगे जर्मनीत गॉटिंगेनला प्राध्यापक प्रांट्लच्या हाताखाली शिकून आले आणि त्यांनी आखलेलं एचटी-२ हे संपूर्ण धातूचं विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी उडालं. हवाईदलाच्या कितीतरी पोरांनी पहिलं उड्डाण त्याच्यावर केलं. आखणी आपली होती. पण आखणारा जो धातू मनात धरतो तो आपल्याच भट्टीतून, आपल्याच दाखल्यासह येईल, ही साखळी आजही पुरी झालेली नाही. विमानाच्या दर्जाचा बराचसा धातू अजून बाहेरून येतो. कच्चं खनिज आमचं, विश्वास दुसऱ्याचा.

भाचीला मी विचारलं, इतकी वर्षं हे काम करून काय कळलं. ती पटकन म्हणाली, ‘‘कुणी विकायला आलं आणि म्हणालं, याला काहीच होत नाही, की मी फाइल बंद करते. प्रत्येकाला काहीतरी होतं. काय होतं ते जो सांगतो, त्याच्याशी मी बोलते.’’

मला वाटतं, हा सल्ला विमानाच्या कारखान्याबाहेरही पाळावा. पूल बांधणाऱ्यांनी, शाळेचं छत घालणाऱ्यांनी, गॅसची टाकी विकणाऱ्यांनी आणि त्यांना निवडणाऱ्या तुम्ही-आम्हीसुद्धा. कुणी वस्तू पुढे करून तिची ताकद सांगू लागला, तर ऐकून घ्या, पण तिथे थांबू नका. ही कशी मोडेल, मोडण्याआधी सांगेल का, आणि ते ऐकायला तिथे कोण असेल, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर मिळालं तर पैसे मोजा.